शेवटचं ताट

शनिवारी दुपारी चारला सुनीलने पुढच्या खोलीचं दार आतून लावलं, तेव्हाच एंजेलाला कळलं की आजची बैठक चहावर भागायची नाही. उजागऱ्यांच्या घरात दार लावून बोलायची रीत नव्हती. घर बोर्डिंगच्या आवारातच असल्यामुळे साठ पोरांपैकी कोणी ना कोणी कायम उंबऱ्यात उभं असायचं. कुणाचं बटण तुटलेलं, कुणाला कोपरगावकडे ऊस तोडायला गेलेल्या आईची आठवण आलेली. मंगळवारपासून मात्र उंबऱ्याशी कोणी फिरकलं नव्हतं. त्या रात्री एकतीस पोरं टेम्पोत घालून शेवगावच्या दवाखान्यात न्यावी लागली होती. त्यातली तीस परत आली होती. एकतिसावी, नऊ वर्षांची ज्ञानेश्वरी, नगरला सलाईनवर होती.

पप्पा वेताच्या खुर्चीत बसले होते. त्र्याहत्तराव्या वर्षीही शर्टाचं वरचं बटण लावलेलं, मांडीवर पवित्र शास्त्र. मंगळवारपासून ते मांडीवर असे, पण उघडलेलं एंजेलाने पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर पप्पांच्या वडिलांचा, श्रीमंत नावाच्या उजागऱ्यांचा फोटो होता, डाव्या भुवईतल्या त्या प्रसिद्ध खोकेसकट.

त्या खोकेची गोष्ट या घरात बाप्तिस्म्याला सांगितली जाई, लग्नात सांगितली जाई, आणि पप्पा, म्हणजे बोर्डिंगचे प्रमुख शांतवन उजागरे, उपदेशाला उभे राहिले की अर्ध्या मंडळीला आधीच ठाऊक असे की आता दगड येणार. बहात्तरच्या दुष्काळात श्रीमंत आजोबा सुकडी वाटायचे. सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी स्वतः बसायचे. एक दिवस पातेल्यात काही उरलं नाही, आजोबा चक्कर येऊन दगडावर पडले आणि भुवई फुटली. तेव्हापासून घराचा नियम झाला, जो पुढारी तो शेवटी जेवणार. 'आपला देव सिंहासनावर बसून ताट मागत नाही, तो कमरेला रुमाल बांधून पाय धुतो,' असं पप्पा म्हणत, आणि रात्री पोरांची शेवटची पंगत उठल्याशिवाय पाण्याचा पेलासुद्धा तोंडाला लावत नसत. एंजेला सोळा वर्षांपूर्वी सून होऊन आली तेव्हा हे पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नंतर नंतर तिला फक्त भूक लागायची.

"वाचतो," सुनील म्हणाला. बोर्डिंगचा सेक्रेटरी तोच, त्यामुळे सोमवारी चौकशीला येणाऱ्या साहेबांना द्यायचा खुलासा त्यानेच टाइप केला होता. "दिनांक चार मार्च रोजी सायंकाळी बाहेरून आलेली बासुंदी स्वयंपाकीण गोजरबाई यांनी प्रमुखांना न विचारता परस्पर मुलांना वाढली. सदर बाईंना कामावरून कमी करण्यात आले आहे." त्याने कागद खाली घेतला. "बाकी पाच ओळी दिलगिरीच्या आहेत."

"कमी कधी केलं?" एंजेलाने विचारलं.

"सोमवारपर्यंत करू."

पप्पांनी शास्त्र एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

तेवढ्यात मागच्या दाराने मरियाताई आत आली. ती सुनीलची मोठी बहीण, शेवगावच्या दवाखान्यात सिस्टर होती. मंगळवारी रात्री तिचीच ड्युटी होती आणि त्यानंतर ती कामाशिवाय कुणाशी बोलली नव्हती. अंगावर अजून युनिफॉर्म होता.

"सलाम पप्पा. ड्युटीवरून नगरला जाऊन आले. ज्ञानेश्वरी उठून बसली. दोन घास मऊ भात खाल्ला."

"देवाची कृपा," पप्पा म्हणाले. आवाज इतका खोल गेला होता की एंजेलाने मान वर केली.

"कृपा आहेच. पण तिची आई मला काय म्हणाली सांगू? म्हणाली, सिस्टर, आमी पोरगी तुमच्या देवाच्या भरवशावर ठिवली हुती." मरियाने पर्स खाटेवर टाकली. "आता मला सांगा, त्या दिवशी इथे जबाबदार माणूस कोण होतं? सुनील, तू?"

"मी नगरला होतो."

"वाटलंच. तुझं कायम नगरला काम असतं. आणि खुलासा कुणाच्या नावाने? गोजरबाईंच्या? बावीस वर्षं ज्या बाईने या पोरांची उष्टी काढली तिच्या? लाज वाटत नाही तुला?"

---

सुनीलला लाज वाटत होती, पण बहिणीला वाटत होतं त्या कारणासाठी नाही.

मंगळवारी रात्री दहाला तो नगरहून परतला तेव्हा आवारात ओकारीचा वास होता. आधी त्याने टेम्पो भरायला मदत केली, मग ऑफिसात जाऊन चव रजिस्टर काढलं. कुठल्याही चौकशीत पहिलं तेच मागतात हे त्याला ठाऊक होतं. पोरांना वाढण्याआधी प्रमुखाने स्वतः घास खायचा आणि पदार्थ, वेळ, चव लिहून सही करायची, असा सरकारी नियम. पप्पांच्या वळणदार अक्षरात पानंच्या पानं भरलेली होती, आणि चवीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता : उत्तम.

मंगळवारच्या ओळीवर त्याची नजर अडकली. सायंकाळ, आमटी-भात, वेळ पावणेसात, चव उत्तम, शां. श्री. उजागरे. बासुंदीचं नावच नव्हतं. म्हणजे सही सकाळीच झाली होती. गावातल्या काकासाहेबांच्या मुलीच्या साखरपुड्याची उरलेली बासुंदी दुधाच्या दोन कॅनमधून पाचनंतर आली, ते सकाळी कुणाला ठाऊक असणार? पप्पा सकाळच्या प्रार्थनेनंतर दोन्ही वेळच्या सह्या एकदमच उरकत असत. शेवटी जेवणारा माणूस आधी चाखणार तरी कसा?

तेव्हापासून रजिस्टर त्याच्या कपाटात कुलपात होतं. चार दिवस तो बायकोची नजर चुकवत होता. आणि आता ताई त्याच्यावरच तुटून पडली होती.

"रजिस्टर आण," मरिया म्हणाली. "त्यात सही असेल ना कुणाची तरी."

"ताई, नको."

"आण म्हणते ना!"

त्याने पप्पांकडे पाहिलं. पप्पा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर लिंबाखाली चारपाच पोरं नुसतीच बसली होती, खेळत नव्हती. सुनील उठला, कपाट उघडलं आणि रजिस्टर बहिणीच्या हातात दिलं. मनात म्हणाला, घे, तुला पाहिजेच होतं ना खरं.

---

मरियाने ओळ वाचली. पुन्हा वाचली. दवाखान्यात ती दिवसाला पन्नास केसपेपर वाचत असे, तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

चार दिवस ती संतापावर जगत होती, आणि तो संताप तिने भावाच्या नावाने साठवून ठेवला होता. सुनीलवर रागावणं तिला लहानपणापासून सोपं जायचं. पप्पांवर मात्र ती आयुष्यात एकदाच रागावली होती, आणि तेव्हाही नंतर तीच रडली होती.

तिने रजिस्टर मिटलं.

"सोमवारी हे दाखवायलाच लागतं का?" तिने विचारलं.

सुनीलने तिच्याकडे पाहिलं. "आता कळलं?"

"मी विचारते तेवढं सांग."

"लागतं. पण खाली एक ओळ जागा आहे." त्याचा आवाज बारीक झाला. "बासुंदी तपासणीस आली नाही, परस्पर वाढली, एवढं लिहिलं की झालं. पेनाची शाई तीच आहे."

'नाही' म्हणायचं मरियाच्या ओठांवर होतं. पण तिला पप्पा दिसत होते. चाळीस वर्षं मंडळीचे पंच. उद्या प्रभुभोजनाचा रविवार. उद्याही पप्पाच भाकरीचं तबक घेऊन एकेका बाकापाशी जाणार. आणि मग पेपरात नाव.

"बाईंना आपण उपाशी ठेवणार नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे दवाखान्यात कामाला लावीन. त्यांना केस वगैरे होऊ द्यायची नाही."

"तेच मी म्हणतोय कधीपासून!"

बहीणभावांचं असं पाच मिनिटांत जुळलेलं एंजेलाने सोळा वर्षांत पाहिलं नव्हतं. ती उभी राहिली.

"ताई, तुम्हीसुद्धा?"

"एंजेला, तू यात पडू नकोस. पप्पांचा प्रश्न आहे."

"मी यात मंगळवारीच पडले. मी स्वयंपाकघराच्या दारात होते." तिने हात पदरात गुंडाळले. "गोजरबाईंनी बासुंदीला बोट लावून बघितलं. त्यांना आंबूस लागलं. त्या पळी घेऊन पप्पांकडे गेल्या, ऑफिसच्या दारात. म्हणाल्या, साहेब, एवढं चाखून बघा, माझं तोंड कडू झालंय का बासुंदीच बिघडलीय ते मला कळंना. पप्पा, तुम्ही काय म्हणालात?"

पप्पांनी मांडीवरच्या शास्त्रावर हात ठेवला.

"तुम्ही म्हणालात, गोजरबाई, इतकी वर्षं झाली, अजून माहीत नाही का? मी पोरांच्या आधी घास तोंडात घालत नाही. वाढा त्यांना. आणि हसलात. प्रेमाने हसलात, खोटं नाही सांगत. बाई परत आल्या, पोरं ताटं वाजवत होती, त्यांनी वाढलं. आणि मी..." तिने दाराकडे पाहिलं. "मी पण दारातच उभी राहिले. पप्पा म्हणाले म्हणजे झालं, असं वाटलं मला."

सुनील म्हणाला, "हे तू मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं का? तू कपाटाला कुलूप लावत होतास."

"बरं, झालं तर मग. हे या खोलीत राहील." सुनील खोलीत येरझारा घालायला लागला. "एंजेला, जरा विचार कर. पप्पा पडले तर नुसते पप्पा पडत नाहीत. या तालुक्यात आपण मूठभर माणसं. उद्या लोक म्हणतील, बघा, पाय धुणाऱ्यांचं बोर्डिंग! देवाचं नाव जाईल."

"देवाचं नाव का आपलं आडनाव?"

"दोन्ही!"

"देवाने स्वतःचं नाव राखायला कधी स्वयंपाकिणीला पुढे केलं होतं?" एंजेलाला आपलाच आवाज अनोळखी वाटला. "आणि आणखी एक सांगते. पप्पा शेवटी जेवतात म्हणून सगळं गाव कौतुक करतं. पप्पांना वाढतं कोण? मी आणि गोजरबाई. मग शेवटी कोण जेवतं? सोळा वर्षांत या घरात हा प्रश्न कुणाला पडला नाही."

मरिया खाटेवर बसली. तिला आई आठवली. आई तरी कधी जेवायची? तिला आठवेना, आणि आठवत नाही याचंच तिला वाईट वाटलं.

दारावर थाप पडली.

---

गोजरबाईंना सुनीलनेच पाचला बोलावलं होतं, खुलाशावर सही घ्यायला. त्या दारात चपला काढून आत आल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. मरियाने खुर्ची पुढे सरकवली, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. चार दिवसांत गालफडं बसली होती.

"पोरगी कशी हाय?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"बसली उठून. भात खाल्ला," मरिया म्हणाली.

गोजरबाईंनी दोन्ही हात जोडून छताकडे पाहिलं, मग श्रीमंत आजोबांच्या फोटोकडेही पाहिलं. त्यांच्या घरी देव्हारा होता, पण या आवारात आल्या की त्या इथल्या देवालाही हात जोडत, आणि त्यात त्यांना काही अवघड वाटत नसे.

"बाई, तुम्हाला कशाला बोलावलं ते..." सुनीलला सुरुवात जमेना.

"ठावं हाय मला. गावात समदी तेच बोलत्यात." त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या. "आना तो कागद. कुटं करायची सही?"

"तुम्ही वाचलं नाही अजून," एंजेला म्हणाली.

"वैनी, मला कुटं वाचाया येतं? सही तेवडी शिकवली हुती साहेबांनी. बोर्डिंगात आले तवा अंगटा लावायची म्या." त्यांनी पप्पांकडे पाहिलं. "साहेबांचं नाव ऱ्हाऊ द्या. साहेब हायेत तर बोर्डिंग हाय, न्हाई तर ही पोरं फडात जातील कोयता उचलाया. माझं काय, मी म्हातारी बाई. आन् चूक माजीबी हाय. मला आंबूस लागलं हुतं तर म्या वाढायलाच नको हुतं. कॅन उपडा करायचा हुता, मग साहेब कायबी म्हनू देत."

सुनीलने नकळत सुस्कारा सोडला. एवढं सोपं होईल असं त्याला वाटलं नव्हतं. मरिया खाटेवरची पर्स उगाच उघडून बघायला लागली.

"वाचून तर दाखव," पप्पा म्हणाले.

दुपारपासून ते पहिल्यांदाच आपणहून बोलत होते. सुनीलने कागद उचलला आणि भराभरा वाचला. गोजरबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सुनीलभाऊ, बाकी समदं ऱ्हाऊ द्या. कमी केलं म्हना, काय म्हनायचं ते म्हना. फकस्त ते 'न इचारता' तेवडं काढा."

"का हो बाई?"

"म्या इचारलं हुतं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. भाजीत हळद घातली होती की नव्हती एवढं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. खोलीत कुणालाच कुणाकडे बघता येईना.

---

शांतवन उजागऱ्यांना त्या शब्दांनी बहात्तर सालात नेऊन सोडलं.

ते एकोणीस वर्षांचे होते. सुकडीचा ट्रक यायचा, पातेली उतरायची, आणि माणसांची रांग पार ओढ्यापर्यंत जायची. वडील पहिल्या पातेल्याजवळ जायचे, चिमूटभर सुकडी जिभेवर ठेवायचे आणि क्षणभर डोळे मिटायचे. शांतवनला वाटे, दादा प्रार्थना करतायत. प्रार्थना असेलही. पण ते चाखत होते. रोज, प्रत्येक पातेलं, सगळ्यांच्या आधी. आणि एक दिवस त्यांनी थुंकलं. "ओता खड्ड्यात," म्हणाले. दोन दिवसांची उपाशी माणसं समोर वाट्या घेऊन उभी असताना त्यांनी आख्खं पातेलं ओतायला लावलं. माणसं शिव्या देत अंगावर आली, आणि एका बाईने हातातली जर्मनच्या पत्र्याची वाटी फेकून मारली. ती भुवईला लागली.

दगड नव्हताच. चक्कर आली होती, पण ती दुसऱ्या महिन्यात, आणि तेव्हा ते नुसते खाली बसले होते. दोन गोष्टींची एक कधी झाली? पंचाहत्तर साली केलेल्या पहिल्या उपदेशात बहुतेक. उपाशी राहून पडलेला बाप सांगायला सुंदर होता. लोकांच्या शिव्या खाणारा, चाखून अन्न ओतून देणारा बाप तितका सुंदर वाटला नव्हता. मग पन्नास वर्षं तीच गोष्ट सांगितली, आणि सांगता सांगता स्वतःलाही तीच खरी वाटायला लागली.

"सुनील, तो कागद फाड," ते म्हणाले.

"पप्पा..."

"फाड बाळ. आणि रजिस्टरमध्ये एक अक्षर वाढवायचं नाही." त्यांनी मान वळवून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "दादांच्या भुवईवर दगड लागला नव्हता. वाटी लागली होती." आणि त्यांनी सगळं सांगितलं, मध्ये न थांबता, कुठेही न सजवता. उपदेशात त्यांचा आवाज चढायचा, उतरायचा. आज तो एका पातळीत होता, आणि सुनील-मरियाला तो जास्त ऐकवेना.

"म्हणजे आजोबा आधी चाखायचे," मरिया हळूच म्हणाली.

"आधी चाखायचे, शेवटी जेवायचे. मी शेवटचं तेवढं ठेवलं. त्यात मान होता. चाखण्यात मान नाही, विष असेल तर ते आधी आपल्या पोटात जातं. प्रभूने तरी काय केलं? मरणाचा तो प्याला कडू आहे हे त्याला कळत होतं. घाम फुटला त्याला. पण दुसऱ्याला नाही दिला. शिष्यांना म्हणाला नाही, तुम्ही घ्या आधी, मी नम्र आहे, मी मागून पितो."

"पप्पा, तुम्ही चुकून केलंत, मुद्दाम नाही," सुनील म्हणाला. तो रडकुंडीला आला होता. "तुम्ही वाईट माणूस नाही. सोमवारी ते लोक तुम्हाला काय काय बोलतील. मला ते बघवणार नाही."

"नको बघू. नगरला जा," पप्पा म्हणाले, आणि एवढ्यातही मरियाला हसू फुटलं. "मी सर्वांत खालची जागा धरून बसलो होतो रे. आयुष्यभर. आज कळतंय की तिथेही मीच पसरून बसलो. या बाईला टेकायला जागा ठेवली नाही. एंजेलाला नाही. तुझ्या आईला नाही."

ते गोजरबाईंकडे वळले. मोठ्या माणसाने माफी मागायची म्हणजे काय बोलायचं असतं, ते त्यांनी शेकडो भांडणं मिटवताना दुसऱ्यांना शिकवलं होतं. आता त्यातलं एक वाक्य आठवेना.

"गोजरबाई, तुम्ही विचारलं होतं," ते म्हणाले. "मी हसलो. मला माफ करा."

"आसं नका म्हनू साहेब. मला कसंतरीच हुतंय."

"होऊ द्या. मलाही होतंय."

मरियाने नवा कागद आणि पेन आणून दिलं. पप्पांनी हाताने लिहिलं, चारच ओळी. सही न चाखता आधीच केली होती. स्वयंपाकिणीने चाखायला सांगितलं असता मी नकार दिला. जबाबदारी माझी. त्यांनी कागद सुनीलला दिला. "उद्या तबक मी घेणार नाही. आधी मंडळीपुढे हे वाचीन. पंच ठेवायचं का नाही ते मंडळी ठरवील. बोर्डिंगवर ठेवायचं का नाही ते चौकशीचे साहेब ठरवतील."

"आणि बोर्डिंगच बंद केलं तर?" सुनीलने विचारलं.

"तर आपण दारोदार जाऊन चालू करायला सांगू. खरं बोलून सांगू." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजत आले होते. "गोजरबाई, आजची खिचडी तुम्ही टाकाल का?"

गोजरबाईंनी आधी एंजेलाकडे पाहिलं, मग पदर खोचला.

---

पावणेसातला पोरं ओळीने बसली. मंगळवारपासून जेवायला बसताना ती ताटाकडे संशयाने बघत, आणि एकमेकांनी खाल्ल्याशिवाय घास उचलत नसत. एंजेला दारात उभी होती, त्याच जागी.

पप्पा रजिस्टर काखेत घेऊन आले आणि ओळीच्या पुढे पातेल्यापाशी जाऊन उभे राहिले. हातात स्वतःचं ताट होतं. एका पोराने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. साहेब आधी जेवणार? पोरांच्या चेहऱ्यावर इतका सरळ धक्का दिसत होता की पप्पांची मान खाली गेली. पन्नास वर्षं शेवटी बसताना सगळ्यांच्या नजरा अंगावर आलेल्या त्यांना आवडत होत्या. आज त्याच नजरा झेपेनात. एंजेलाच्या मनात आलं, दहा वर्षांनी हीसुद्धा गोष्ट होईल का? बाप्तिस्म्याला सांगतील का? न होवो, असं तिला मनापासून वाटलं.

गोजरबाईंनी पळीभर खिचडी वाढली. पप्पांनी उभ्यानेच घास घेतला. चावला. गिळला. दुसरा घेतला. मग ताट एंजेलाच्या हातात दिलं, रजिस्टर उघडलं, तारीख घातली, पदार्थ लिहिला, आणि चवीच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग दोन शब्द लिहून त्यांनी सही केली.

"काय लिवलं साहेब?" गोजरबाईंनी विचारलं.

"मीठ कमी."

गोजरबाईंचा चेहरा पडला. "हात भ्याला माजा. चार दिसांनी चुलीपुडं आले न्हवं." त्यांनी मिठाचा डबा ओढला. मग थांबल्या. "साहेब, रोज काय लिवत हुता?"

"उत्तम."

"रोज?"

"रोज. न चाखता."

गोजरबाई पळी धरून तशाच उभ्या राहिल्या. पोरांची चुळबुळ थांबली होती. बावीस वर्षांचा स्वयंपाक त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला असावा, कारण त्या बोलल्या तेव्हा आवाज फार लहान होता.

"वैनी वाचून दावायच्या मला कदी कदी," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, साहेबांना खरंच आवडतंय."

शांतवन उजागऱ्यांनी एंजेलाच्या हातातून ताट परत घेतलं, दोन्ही हातांनी पुढे केलं, आणि मीठ पडायची वाट बघत उभे राहिले.